तिसावी विहीर

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मला खारपाणपट्ट्यातल्या तीस विहिरींचं पाणी तपासायचं होतं. एकोणतीस मी स्वतः तपासल्या. मग ताप आला, म्हणून चॅटबॉटला माझा तक्ता दिला आणि त्यात शोभेल अशी आणखी एक ओळ मागितली. त्यानं दिली: मालक माणिकबाई, अक्षांश-रेखांश, खोली बावन्न फूट, क्षार लिटरमागे चारशे दहा मिलिग्रॅम. मी आकडे उचलले आणि प्रकल्प छापला.

महिन्याभरानं हरिहर सरांनी बोट ठेवलं. "देवश्री, सगळ्या विहिरी दोन हजाराच्या वर, आणि ही एकटी गोड? उद्या तोंडी परीक्षा आहे. या पाण्याचा नमुना आण, नाहीतर प्रकल्प रद्द."

अमरावतीहून दर्यापूरची एसटी, पुढे ऑटो. त्या अक्षांश-रेखांशावर काहीच नसणार, याची खात्री होती. तरी पाहायचं होतं.

शेतात मातीचा ढीग होता. शेजारच्या खोल खड्ड्यापाशी एक म्हातारी बसली होती.

"काकी, ही विहीर कोणाची?"

"माही. माणिकबाई म्हनतेत मले. अन् विहीर कायची वो, आठ दिसापासून खोदूनच राहिलो. लोक हासतेत."

आठ दिवस. माझी ओळ महिन्यापूर्वीची होती.

तेवढ्यात खालून तिचा पुतण्या जानराव ओरडला, "काकी, पानी लागलं! अन् गोडं हाय!"

माणिकबाईनं मातीला हात लावून कपाळाला लावला. मी खड्ड्यात सोडलेला दोर मोजला. बावन्न फूट.

मी टोपलीतून बाटली खाली सोडली. क्षार मोजायचं मीटर चारशे दहा दाखवणार, यात मला शंका नव्हती. प्रकल्प वाचला होता. नमुन्याची वेळ लिहायला मोबाइलवर ती जुनी ओळ उघडली, तर उजवीकडे 'शेरा' असा आणखी एक रकाना होता. तिकडे मी कधी सरकलेच नव्हते.

"नमुना घेतला. लगेच काठ खचला. खाली एक माणूस."

"जानरावभाऊ, बाटली भरू नका! वर या!"

"भरलीच अर्धी."

"ओता ती! आधी वर या!"

"शिकून शिकून येडी झाली पोरगी," माणिकबाई हसली.

तो कुरकुरत वर आला. बाटली रिकामी होती. काठ खचला नाही. बांधून काढल्याशिवाय कोणी उतरू नका, असं मी तीनदा सांगितलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "तिसावी ओळ खोटी आहे. चॅटबॉटनं बनवली."

सरांनी ते पान काढलं. "पण ठिकाण तर दिलंय. प्रयोगशाळेतल्या शिवमला पाठवतो, तो आणेल नमुना. की तिथे विहीरच नाही?"

मला तो शेरा आणि दोरावरचे जानरावचे ओले पाय आठवले.

"नाही सर, तिथे विहीरच नाही," मी म्हणाले.

सरांनी लाल पेन उघडलं.