सुभेदारांचं कुंपण

पलूसमध्ये शाळेच्या रस्त्यावर मानसिंग सुभेदारांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून ते गावी आले आणि त्यांनी रस्त्यालगत घर बांधलं. समोरून फुटपाथ जात होता. तो कुणी वापरत नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं, आणि घरापुढच्या पंधरा पावलांवर जाळीचं कुंपण घालून आत जास्वंद आणि कर्दळ लावली. जीपसाठी सिमेंटचा उतार केला. कुणी हरकत घेतली नाही. सुभेदारांना कोण बोलणार?

गेल्या वर्षी उसाच्या हंगामात याच कुंपणापुढं एका मोटरसायकलनं मुक्ताला उडवलं. मुक्ता पाचवीतली, पलीकडच्या आळीतली. आवाज ऐकून सुभेदार धावत बाहेर आले, पोरीला उचलून जीपमध्ये घातलं, वाटेत तिच्या आजीला, लीलाबाईंना, घेतलं आणि थेट सांगलीचा दवाखाना गाठला. पाय दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सव्वीस जानेवारीला शाळेनं सुभेदारांना शाल आणि श्रीफळ दिलं.

म्हणूनच या मार्चमध्ये ऋचा मॅडमनी मुलांकडून शाळेच्या वाटेची पाहणी करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा बरोबर मोठं माणूस म्हणून पहिलं नाव सुभेदारांचंच निघालं. वीस-बावीस मुलं, प्रत्येकाकडं वही. फुटपाथ कुठं तुटलाय, कुठं अडवलाय, रस्ता कुठं ओलांडायला भीती वाटते ते लिहायचं आणि अहवाल नगरपरिषदेला द्यायचा. सुभेदारांची नात सृष्टी सहावीत. तिच्याकडं मुख्य वही होती.

सगळे स्टँडजवळून निघाले. सुभेदार पुढं. नानासोच्या दुकानापुढं जुने टायर रचलेले दिसले तसे ते कडाडले.

"नानासो, फुटपाथ काय तुज्या बापाचा हाय? ही लेकरं कुठनं चालायची?"

नानासोनं मान खाली घालून दोन टायर आत ओढले. मुलं हसली. पुढं एका हॉटेलवाल्याची बाकडी, मग एक उघडं गटार. सुभेदार प्रत्येक ठिकाणी थांबून सांगायचे, "लिहा. नावानिशी लिहा." त्यांना बरं वाटत होतं.

घर जवळ आलं तशी मागची बडबड थांबली. सुभेदारांनी वळून पाहिलं. कुणी काही न सांगता मुलांनी एकामागं एक रांग केली होती. पहिला मुलगा फुटपाथवरून खाली उतरला, उजवा हात गाड्यांच्या दिशेनं वर धरला, आणि सगळी रांग कुंपणाला खेटून रस्त्यावरून चालू लागली. शेवटी मुक्ता होती. ती कडेला थांबली, दोनदा मागं पाहिलं, आणि मग दुखरा पाय आधी खाली टाकून उतरली.

"हे कुणी शिकवलं तुमाला?" सुभेदारांनी विचारलं.

"सृष्टीनं," एक लहान मुलगी म्हणाली. "आमी रोज असंच जातो हितनं."

सृष्टी वहीत बघत होती. सुभेदारांनी वही मागितली. तिनं लगेच दिली नाही. पानावर टायर, बाकडी, गटार, सगळं ओळीनं मांडलं होतं. त्यांच्या घराच्या नोंदीपुढं लिहिलं होतं, 'ठीक आहे.'

"आबा," ती हळू म्हणाली, "सगळ्यांनी ठरवलं, तुमचं न्हाई लिहायचं. तुमी मुक्ताला वाचवलंय ना."

त्या दिवशी फाटक उघडून ते कुठं धावले होते, पोरगी कुठं पडली होती, हे सुभेदारांना पावलापावलानं आठवलं. इतके महिने हीच गोष्ट त्यांनी लोकांना सांगितली होती. पोरगी रस्त्यावर का होती, हे मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

शाळेत पोचल्यावर मॅडम म्हणाल्या, "सुभेदार, मुलांना चार शब्द सांगा." ते उभे राहिले. खरं सांगायचं होतं. पण समोर सगळी मुलं नेहमीसारखी आदरानं बघत होती, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "मुलांनी चांगलं काम केलं." एवढंच बोलून ते निघून गेले. घरापर्यंत चालताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दुपारी ते लीलाबाईंकडं गेले. लीलाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. मुक्ता आत पाटी-दप्तर पसरून अभ्यास करत होती. लीलाबाई उठायला लागल्या.

"बसा, बसा," सुभेदार म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. "लीलाबाई, मुक्ताचा पाय माज्यामुळं मोडला. ते कुंपण नसतं तर ती रस्त्यावर उतरलीच नसती."

लीलाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"आवं, ते मला त्याच दिवशी कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "जीपमधी तिचं डोकं माज्या मांडीवर हुतं. लय मनात आलं, बोलावं. पर तुमी गाडी हाणत हुता. म्हटलं, आता ह्यो माणूस रागानं थांबला तर माज्या पोरीचं काय?"

"आन नंतर?"

"नंतर तुमचा सत्कार झाला. सगळं गाव टाळ्या वाजवतंय, मी एकटी काय बोलू? मी बी वाजवल्या."

सुभेदारांना वाटलं, लीलाबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले. "मला माफ करा."

"मला नगं ती माफी. पोरीला सांगा. जीपमधी तुमीच तिला म्हणाला हुता, 'रस्त्यावर कशाला मेलीस गं, फुटपाथनं चालता येत न्हाई?' तवापासनं तिला वाटतंय, चूक तिचीच हुती."

हे वाक्य आपण बोललो हे सुभेदारांना आठवतही नव्हतं. ते आत गेले, मुक्तासमोर जमिनीवर बसले.

"मुक्ता, तुजी काय बी चूक नव्हती. चूक माजी हुती. माज्या कुंपणाची."

मुक्तानं पेन्सिल थांबवली. मग म्हणाली, "हे पप्पांना सांगाल? ते अजून मलाच बोलतात."

सुभेदार तिथंच थांबले. मुक्ताचा बाप द्राक्षबागेतून सायंकाळी आला, तेव्हा त्यांनी सगळं पहिल्यापासून त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, हातपाय धुवायला मागच्या दारी गेला, आणि सुभेदार जाईपर्यंत पुढं आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांनी स्वतः पहार घेतली. नानासो बघायला आला.

"काय वो सुभेदार, नोटीस आली काय?"

"न्हाई. आधीच काढायला पायजे हुतं. काल तुला बोललो, तो अधिकार मला नव्हता."

नानासो जाळीचं एक टोक धरून उभा राहिला. जास्वंदीची मुळं खोल गेली होती. सिमेंटचा उतार फोडायला तीन दिवस लागले. पहिल्याच संध्याकाळी सुभेदारांनी सृष्टीच्या वहीतलं 'ठीक आहे' खोडलं, तिथं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि वही मॅडमना नेऊन दिली. हे मुलांपुढं वाचून दाखवा, असं सांगितलं. मॅडमनी वाचून दाखवलं. त्या दिवशी सृष्टी घरी आल्यावर आबांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली.

अहवाल नगरपरिषदेत गेला, आणि जूनपर्यंत शाळेसमोर आणि सुभेदारांच्या घराच्या अलीकडं रस्त्यावर पांढरे पट्टे आले, दोन्हीकडं गतिरोधक आले. घरापुढच्या त्या पंधरा पावलांवर नव्या फरशा बसल्या. शाळा सुरू झाली तेव्हा सुभेदार सकाळी दारात उभे राहायला लागले. पहिले काही दिवस मुलं जुन्या सवयीनं त्यांच्या घराजवळ आली की खालीच उतरायची.

"वरनं या रं, वरनं," ते सांगायचे.

हळूहळू मुलं वरून जायला लागली. मुक्ता मात्र पट्ट्यांवरून आधीच रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या बाजूनं शाळेत जाते. तिला हाक मारून बोलवावं असं सुभेदारांना कधीकधी वाटतं. पण ते मारत नाहीत. ती वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहतात, मग आत जातात.