सुरुवातीचे वीस सेकंद

"आत्या, एकही वायर नाही!" शंतनु तिसऱ्यांदा म्हणाला. "कॉम्प्युटर आतल्या खोलीत, स्टिरिओ इथे, आणि मध्ये काहीच नाही. हवेतून येतंय सगळं."

मी मान हलवली. हवेतून येतंय ते ठीक, पण काय येतंय ते आधी ऐकू दे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण दादाची पहिली पुण्यतिथी होती, हरिशंकरपुरमच्या त्याच्या घरी हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं बसली होती, म्हणून गप्प राहिले. गप्प राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दादाच्या मागे तानपुरा घेऊन चौतीस वर्षं बसले, तेव्हा तरी कुठे तोंड उघडलं होतं?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ लक्ष्मीकांत. दिवसा शाळेत गणित शिकवायचा आणि दर गुरुवारी संध्याकाळी घरी गाण्याची बैठक करायचा. फार मोठा गवई नव्हता, पण ग्वाल्हेरात चार माणसांसमोर गायला बसायचं तर जेवढं यावं लागतं तेवढं त्याला नक्की येत होतं. मी सिंचन खात्यात आवक-जावक कारकून. गुरुवारी ऑफिस सुटलं की खासगी बाजारातल्या माझ्या खोलीवर न जाता थेट त्याच्याकडे. तानपुरा मिळवायला मला अर्धा तास लागायचा, आणि तो मनासारखा लागल्याशिवाय दादा बैठकीवर यायचाच नाही. यायचा, बसायचा, डोळे मिटायचा. मागे वळून त्याने कधी पाहिलं नाही. वळून पाहावं लागत नाही म्हणजे आपलं काम चोख आहे, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. कुणी विचारलंच, की मागे कोण बसल्या आहेत, तर वहिनी सांगायच्या, "त्या होय? आमच्या वन्सं."

यातल्या निवडक बैठकी दादाने कॅसेटवर उतरवून ठेवल्या होत्या. शंतनु, त्याचा मुलगा, बंगलोरच्या कंपनीची नोकरी घरी बसून करतो. त्याने महिनाभर खपून साठ कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये घातल्या. खपला हे खरं, ते मी नाकारत नाही. दादाच्या स्टिरिओचा कॅसेट लावायचा भाग काढून तिथे साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसवली. आज त्याचं उद्घाटन होतं.

"बाबांचा यमन," असं जाहीर करून तो आत गेला. सगळे सावरून बसले.

काही ऐकू येईना. शेजारचे दिग्विजयसिंह कुजबुजले, "चालू हुआ क्या?"

आणि एकदम दादाचा आवाज आला. षड्ज. बंद खोलीत दचकून उठावं तसं मला झालं. आवाज त्याचाच होता, स्वच्छ होता, पण उघडावाघडा होता. भिंत पाडावी आणि खुंटीवरचा सदरा मात्र तिथेच लटकत राहावा, तसा. पहिल्यांदा वाटलं, माझेच कान गेले. वय एकाहत्तर, जायचेच ते. मी उठून स्पीकरजवळच्या खुर्चीवर बसले. दादा होता, तबला होता, कुणाचं तरी "वा" होतं, बाहेरून गेलेल्या स्कूटरचा हॉर्नसुद्धा होता. तानपुरा नव्हता.

लोक माना डोलवत होते. एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

सतराव्या मिनिटाला, दादा वरच्या षड्जावर ठेपला असताना, मध्येच टण्ण असं वाजलं. पुन्हा एकदा, टण्ण.

"ये बीच में क्या बजा?" शिखाने, शंतनुच्या बायकोने, विचारलं.

आतून शंतनु ओरडला, "अरे, वो रह गया. ग्लिच है, निकाल दूँगा."

ग्लिच म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण तो आवाज मला ठाऊक होता. त्या गुरुवारी उकाडा फार होता आणि पंचमाची तार उतरली. मी दोनदा छेडून पाहिली, मणी सरकवला, तिसऱ्यांदा तार जागेवर. दादाचे डोळेही उघडले नाहीत. त्या बैठकीतलं माझं सगळं वाजवणं गेलं होतं आणि त्या कॉम्प्युटरने नेमक्या माझ्या दोन चुका तेवढ्या राखून ठेवल्या होत्या.

गाणं संपलं. पानं वाढायला घेतली. मी आत गेले.

"तानपुरा कुठाय?"

"काय, आत्या?"

"तानपुरा. माझा. कुठाय तो?"

"अच्छा, ते!" त्याला आनंदच झाला, कुणीतरी बारकाईने ऐकलं म्हणून. "अहो, कॅसेटमध्ये किती घरघर होती! मी पूर्ण साफ केलं. कसं असतं ना, सुरुवातीला वीस सेकंद बाबा गातच नाहीयेत, नुसती घूं-घूं आहे. तेवढा भाग सिलेक्ट केला, कॉम्प्युटरला सांगितलं, हे नॉइज आहे, हे जिथे जिथे असेल तिथून काढून टाक. एकदम क्लीन!"

"ती घूं-घूं मी होते."

तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला.

"साठच्या साठ?" मी विचारलं.

"हो… म्हणजे प्रत्येकाची सुरुवात तशीच होती ना."

"कॅसेटी दे माझ्या."

"त्या तर डेकसोबत कबाडीला दिल्या, आत्या. सगळं सेव्ह झालं होतं ना, मग ठेवून काय करणार?" त्याने घाईघाईने फोन उचलला. "पण टेन्शन नका घेऊ तुम्ही. तानपुऱ्याचं ॲप येतं ना! आवडीची पट्टी लावा, दिवसभर वाजतं, कधी बेसूरच होत नाही. मी मागून मिक्स करून देतो. किसी को पता भी नहीं चलेगा."

मला राग आला. असा राग मला नोकरीत कधी आला नाही, माझ्या मागून आलेली माणसं साहेब होऊन माझ्यापुढे बसली तेव्हाही आला नाही. माझी बोटं सोलवटली, पाय आखडले, आईला ताप असतानासुद्धा मी गुरुवार चुकवला नाही, आणि या शहाण्याने वीस सेकंद ऐकून मला केर ठरवलं. वर विचारतो, ॲप लावू का!

"कुणाला पत्ताही लागणार नाही?" मी म्हणाले. "अरे, गणिताच्या मास्तरचा मुलगा ना तू? तुझा बाप त्या घूं-घूंवर उभा होता. पाच मिनिटं मी थांबले असते ना, तर त्याचा षड्ज पायरी शोधत फिरला असता. हे तुला ठाऊक नसेल, तर विचारायचंस. मी काय मेले होते? खासगी बाजार काय लंडनला आहे?"

"सॉरी, आत्या. खरंच, मला समजलंच नाही." त्याचा चेहरा उतरला होता. तो वाईट मुलगा नाही, हे मला त्याही वेळी कळत होतं, आणि त्याने माझा राग जास्तच वाढत होता. वाईट असता तर निदान मुद्दाम केलं म्हणता आलं असतं.

"काढलेलं जातं कुठे?" मी विचारलं. फाइलीतून काढलेला कागद कुठे गेला, हे विचारण्यात माझी सारी नोकरी गेली.

"जात नाही कुठे. म्हणजे, संपतं. मूळच्या फाइली डिलीट केल्या मी, जागा खात होत्या." मग तो स्क्रीनजवळ वाकला. "थांबा. हा यमन सगळ्यात शेवटी केला होता. त्याची मूळ फाइल आहे अजून. आत्या, हे परत आधीसारखं करून देतो. बाबा आणि तुम्ही, दोघं."

"दादाला सगळ्यांनी ऐकलं आत्ता. काढलंस ते ऐकव."

"नुसता नॉइज?"

"नुसता."

त्याने कुठेसं दाबलं. त्या खोलीत काहीच वाजलं नाही. वाजलं ते हॉलमध्ये. डबी अजून जोडलेली होती, हे तो विसरला होता.

"शंतनु!" दिग्विजयसिंहांची हाक आली. "मशीन बिगड़ गई भैया, खाली घूँ-घूँ आ रही है!"

शंतनुचा हात माउसकडे झेपावला. मी त्याचं मनगट धरलं. चौतीस वर्षांत बोटांत काही जोर येत असेलच, कारण तो कळवळला.

"हात लावलास तर याद राख."

मी हॉलमध्ये आले. लोक पुरी हातात धरून स्पीकरकडे बघत होते. मागे कॅसेटची खरखर होती, पण तिच्या पुढे, सगळ्या हॉलभर, तानपुरा होता. माझा, जवारी सुरेख लागून गुंजणारा. दादाचा आवाज कुठेतरी लांब, पलीकडच्या घरात कुणी गात असावं तेवढाच.

"वन्सं, बंद करायला सांगा ना त्याला," वहिनी म्हणाल्या. "लोक जेवताहेत."

मी स्टिरिओपाशी गेले आणि आवाज वाढवला. मग दादाच्या फोटोसमोर, अगदी पुढे जी खुर्ची होती, तिच्यावरची कुणाची तरी पर्स उचलून खाली ठेवली आणि बसले.

"ये है क्या, बहनजी?" दिग्विजयसिंहांनी विचारलं.

"मैं हूँ," मी म्हणाले. "चालीस मिनट चलेगा."

त्यांनी ताट खाली ठेवलं. शंतनु दारात येऊन उभा राहिला. कुणी उठलं नाही, कुणी वा म्हटलं नाही. सतराव्या मिनिटाला पंचम दोनदा आलाच नाही, ते दोन टण्ण दादाच्या गाण्यातच राहिले होते, त्याची जागा तशीच रिकामी गेली, आणि तिसऱ्यांदा तो आला, हवा तिथे. वहिनींनी तेव्हा वळून माझ्याकडे पाहिलं.