फळ्यांखाली

वाळवीवाल्या ओर्लांदोने पेचकसाच्या मुठीने जमिनीच्या फळीवर टकटक केलं, कान लावला, मग पेचकस उलटा करून टोक हलकेच दाबलं. ते मुठीपर्यंत आत गेलं.

"रंग आहे म्हणून फळी दिसतेय," तो म्हणाला. "खालची तुळई तर संपल्यातच जमा आहे."

फिदेन्सिओने आधी आईच्या पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याची आई, म्हणजे आमच्या दोन्या कांदिदा (दोन्या हा इथला मानाचा शब्द), डोळे मिटून पडल्या होत्या, पण झोपलेल्या नव्हत्या. मी समोरच्या घरातली, त्यांना सूप भरवायला आलेली. वाळवीशी माझा काय संबंध? पण आमच्या सांचेस गावात शेजारणीचा सगळ्याशीच संबंध असतो.

ओर्लांदोचं म्हणणं सरळ होतं. आठवडाभर घर रिकामं करायचं, औषध मारायचं, तुळया बदलायच्या. आजारी माणूस त्या वासात ठेवता येणार नाही. आणि तोवर या पुढच्या खोलीत गर्दी होऊ देऊ नका, असं बजावून तो पायऱ्या उतरला.

नेमकी गर्दीचीच तर भीती होती. दोन्या कांदिदांचं हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत, असं दवाखान्यातल्या नर्सने स्पष्ट सांगितलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याला पुढच्या खोलीत ठेवतात आणि सगळी गल्ली आत येऊन बसते, जपमाळ ओढते, आल्याचा चहा पिते. आलेल्याला दारात थांबवणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणंच.

फिदेन्सिओ बर्फाच्या कारखान्यात वजनकाट्यावर होता. कोळंबीच्या होड्यांना बर्फ मोजून द्यायचा आणि कुणी मोजलेल्यावर एखादा जास्तीचा तुकडा उचलला तर खाडीकडे बघत राहायचा. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. एक मुलगी त्याची वाट बघून बघून राजधानीत निघून गेली, तिलाही तो धड हो किंवा नाही म्हणाला नव्हता. केस पिकले, आई आणि वजनकाटा एवढंच उरलं.

मावसबहिणीच्या सिमेंटच्या घरी थोडे दिवस जाऊ, असं त्याने आईला चाचरत सुचवलं. दोन्या कांदिदांनी डोळे उघडले.

"मी गेले की बोलव तुझ्या ओर्लांदोला. तोवर मला माझ्या घरातून हलवायचं नाही."

मग गल्लीला काय, सल्ले द्यायला निमित्तच हवं असतं. कुणी म्हणालं गाडीचं जळकं ऑइल फास, कुणी म्हणालं चुना आणि मीठ. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर स्वतःचं अख्खं कपाट वाळवीला खाऊ घातलं होतं, तरी सगळ्यात जास्त तोच बोलला. फिदेन्सिओने सगळ्यांचं ऐकलं आणि डिझेलचा डबा आणला. आईच्या इंजेक्शनची सिरिंज घेऊन रोज कामावरून आला की घराखाली शिरायचा. घर कमरेइतक्या खांबांवर उभं. खाली उताणं पडून, दिसेल त्या भोकात तो डिझेल भरायचा. वाळवी मातीच्या नळ्या बांधून दुसरीकडून वर चढायची.

एकदा मी वर दोन्या कांदिदांपाशी होते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. खालची खुडबुड बंद झाली.

"फिदेन," त्या फळ्यांकडे बघत म्हणाल्या.

"काय आई?" खालून आवाज आला.

"तुझा तो वास माझ्या घशात बसलाय."

"मग काय करू? माणूस बोलवू देत नाहीस, मलाही करू देत नाहीस. जमीन खचली तर?"

दोन्या कांदिदांनी दम घेतला. "तुझा बाप गेला तेव्हा धो धो पाऊस होता. चिखलाच्या पायांनी आले सगळे, एकालासुद्धा मी बाहेर ठेवलं नाही. माझ्या वेळी कुणी दाराबाहेर उभं राहता कामा नये, फिदेन. कळलं?"

खालून डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कळलं."

डिझेल त्या दिवसापासून बंद झालं. संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी कॉफी दिली, ती त्याच्या हातात तशीच राहिली.

"आई जाणार याची भीती वाटायला हवी ना, शेजारीणबाई?" तो म्हणाला. "मला जागेपणी, झोपेत, फक्त फळ्या दिसतात. कसला मुलगा मी?"

कॉफी निवतेय, एवढंच मी म्हणाले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गुरुवारी पहाटे दोन्या कांदिदा गेल्या. आम्ही बायकांनी त्यांना आंघोळ घातली, शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली. फिदेन्सिओने पांढरा शर्ट घातला, आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि तो दिसेनासा झाला. लोक येऊ लागले. होडीवाले, कारखान्यातले, भिंतीला टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्या. फळ्या करकरायच्या, मी दर वेळी पायाखाली बघायचे. पण जमीन धरून होती. मुलगा कुठेय, अशी कुजबुज सुरू झाली. त्याची मावशी तर म्हणाली, आई पेटीत आहे आणि लेक दारूच्या दुकानात असेल.

मी चहाचा पेला घेऊन शोधायला निघाले. तो घराखाली होता. ट्रकवाल्याकडून आणलेले दोन जॅक त्याने विटांवर ठेवून तुळईला लावले होते. पावसाने माती मऊ झालेली, त्यामुळे वर माणसं वाढली की जॅक खाली रुतायचा. मग तो उताणा पडूनच जॅकचा दांडा फिरवून तुळई परत उचलायचा. पांढऱ्या शर्टाचा चिखल झाला होता.

"अरे, बाहेर ये. लोक नावं ठेवतायत," मी म्हणाले.

"कसा येऊ? सोडलं की खचतंय." वर पावलं वाजली, त्याने दांडा धरला. "हा इलादिओ आला ना? बर्फ फोडणारा?"

तोच होता, बैलासारखा माणूस. "जपमाळ ऐकू येते का रे इथे?" मी विचारलं.

"सगळं ऐकू येतं," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच रडला. हात मोकळे नव्हते म्हणून डोळे तसेच वाहू दिले.

मी वर जाऊन फक्त मावशीच्या कानात सांगितलं. आमच्या गावात तेवढं पुरतं. थोड्या वेळाने इलादिओ उतरला, टोपी काढून चिखलात गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मी धरतो, तू वर जा."

"नको. तू आत बस," फिदेन्सिओ म्हणाला. "तू बाहेर राहिलेला आईला चालणार नाही."

इलादिओने मग, दुखवट्याला देतात तसा, नुसता हात खाली घातला. फिदेन्सिओने एक हात सोडवून तो धरला. त्याच्यामागून न्हावी आला. मावशी आली, काळा झगा सावरत, मान खाली घालून. चांगल्या कपड्यांतली माणसं एकेक करून वाकत होती, घराखाली हात घालत होती, आणि पुन्हा वर जाऊन बसत होती.

दुपारी पेटी उचलली. खांदेकऱ्यांची पावलं पलंगाच्या जागेपासून दारापर्यंत सरकत गेली आणि खाली दांडाही त्यांच्यासोबत फिरत राहिला. शेवटचा माणूस पायरी उतरला, तेव्हाच तो सरपटत बाहेर आला. आईच्या मागे चालू लागला. त्याच्या पाठीवरची माती कुणीच झटकली नाही.