ओब्राद पास देत नाही

"हा बघ! आता बघ हं!" वेलिमीरनं लॅपटॉप राजम्याच्या भांड्याला टेकवून उभा केला. "डावीकडे मी आहे. आणि हा कुठं देतोय? उजवीकडे! परत उजवीकडे!"

दुन्यानं कांदा चिरणं थांबवलं नाही. "भांडं गरम आहे. वितळेल तो."

"तू बघितलंस की नाही?"

"बघितलं."

"काय बघितलंस?"

"तू डावीकडे आहेस."

बायको असं मोजकं बोलायला लागली की काहीतरी शिजतंय हे ओळखण्याइतका वेलिमीर मुरलेला नवरा होता. त्यानं लॅपटॉप मिटला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिनं वर पाहिलं नाही. कांद्यामुळे असेलही.

वेलिमीर म्हणजे मोरावा नदीच्या काठच्या या गावाचा बास्केटबॉलमधला हुकमी नेमबाज. क्लबकडून पगार घेऊन खेळायचा. गेल्या वसंतापर्यंत दुरून शॉट मारावा तर त्यानंच. बॉल त्याच्या हातून सुटला की शेजारचा न्हावी मिलोये डोळे मिटून घ्यायचा, नुसता जाळीचा आवाज ऐकायला. आणि ऑक्टोबर उजाडला तसा हा माणूस आटला. वय तिशीचं, गुडघे धड, पाठ धड. डॉक्टरनं नखशिखांत तपासून "घोडा आहे" असं सांगितलेलं. उतरती कळा म्हणावी तर तिलाही चार पायऱ्या असतात. इथं माणूस माडीवरून थेट तळघरात.

गावात गवंड्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनाच बास्केटबॉल कळतो, त्यामुळे कारणांना तोटा नव्हता. कुणी म्हणे पितो, कुणी म्हणे सट्टेवाल्यांनी फितवलाय, कुणी म्हणे बायकोशी पटत नाही. मिलोयेनं मात्र एक दिवस त्याच्या हनुवटीखाली वस्तरा धरून हलक्या आवाजात सांगितलं, "तुझं काही चुकत नाहीये, वेल्या. ओब्राद पास देत नाही."

वस्तरा गळ्यावर असताना माणूस वाद घालत नाही. पण खरं सांगायचं तर वेलिमीरला वाद घालायचाच नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला रात्री झोप लागली.

ओब्राद संघाचा सूत्रधार. बॉल आधी त्याच्या हातात यायचा, मग तो देईल त्याला. आणि ओब्राद वेलिमीरचा कूम होता: लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार, लेकीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेणारा. इकडे सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं तर लोक चार दिवस चघळतात आणि विसरतात. कूमाशी नातं तोडलं तर नातवंडांपर्यंत बोलतात.

एकदा संशयानं घर केलं की मग काय, दिसेल ते त्याच्याच बाजूचं. ओब्राद बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसायला लागला होता. कोचबरोबर त्याला मासे खाताना मिलोयेनं पाहिलं होतं. वेलिमीर कपडे बदलायच्या खोलीत शिरला की ओब्रादचं बोलणं तुटायचं. सोमवारी क्लबची बैठक होती. नव्या वर्षात कोण राहणार आणि कुणाला निरोप द्यायचा, ते तिथं ठरणार. ओब्रादला वेलिमीरच्या जागी स्वतःचा माणूस आणायचा असेल. किंवा त्याहून वाईट काहीतरी. कारण मंगळवारी दुन्याचा फोन टेबलावर थरथरला होता आणि पडद्यावर ओब्रादचं नाव होतं.

"काय म्हणत होता?" त्यानं विचारलं होतं.

"सणाला काय आणू, विचारत होता."

ओब्राद दर वर्षी स्वतःच्या बागेतल्या आलुबुखारांची राकिया, घरी गाळलेली दारू, आणतो. त्यात विचारायचं काय?

तर आज तो सण होता. निकोला संताचा, घराण्याच्या कुलसंताचा दिवस. या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. येणारा आपणहून येतो आणि न येणाऱ्याची नोंद घराच्या मनात होते. वेलिमीरनं ठरवून टाकलं होतं. सगळ्यांसमोर टीव्हीवर सामने लावायचे, ओब्रादला उभं करायचं आणि विचारायचं. उत्तर नसेल तर आजपासून तू माझा कूम नाहीस, असं तोंडावर सांगायचं. मग सोमवारी क्लबनं काय करायचं ते करावं. निदान दोष कुणाचा हे गावाला कळेल.

दुपारपर्यंत घर भरलं. उपासाचे दिवस, म्हणून मांस नाही. कार्प मासे, राजमा, अक्रोडाचं सारण भरलेली कोबीची पानं. मिलोये एकटाच तिघांचं जेवला. कोपऱ्यात वेलिमीरचे वडील तिहोमिर बसले होते. हाडाचे पंच. जन्मभर छोट्या गावांच्या गारठलेल्या हॉलांमध्ये शिट्टी फुंकत फिरले. अजूनही घरातल्या भांडणात दोन्ही बाजू ऐकल्याखेरीज तोंड उघडत नसत.

"कूम दिसत नाही," मिलोयेनं माशाचा काटा काढत सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येईल," दुन्या म्हणाली.

"तोंड असेल तर येईल," वेलिमीर म्हणाला.

टेबलावरचे काटेचमचे थांबले. एवढ्यानं त्याला चेव आला. ओब्रादची वाट बघण्याइतका दम उरला नाही. त्यानं लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली. "बघा सगळ्यांनी! मी बोललो तर म्हणाल रडतोय. डोळ्यांनी बघा."

सगळ्यांनी माना वळवल्या. पडद्यावर ओब्राद बॉल आपटत पुढे आला, डावीकडे नजर टाकली, उजवीकडे दिला. पुढच्या तुकड्यात पुन्हा तेच. पुढच्यात स्वतःच घुसला आणि बॉल गमावून बसला, आणि हॉलभर शिट्ट्या उसळल्या. आमच्याकडे शिट्ट्या कौतुकाच्या नसतात. नकोशा झालेल्या खेळाडूला हाकलायच्या असतात.

"बघा! बघा! काय स्वार्थी आहे!" मिलोयेनं मांडीवर थाप मारली. "शिट्ट्या बसल्या तरी लाज नाही. मी म्हटलंच होतं!"

"परत लाव," कोपऱ्यातून तिहोमिर म्हणाले.

वेलिमीरनं उत्साहानं परत लावलं.

"आता बॉलकडे बघू नका कुणी. वेल्याकडे बघा."

एवढंच म्हणाले. पडद्यावर निळ्या बनियनमधला वेलिमीर डाव्या कोपऱ्याकडे पळत गेला आणि उभा राहिला. प्रतिस्पर्ध्याच्या बरोबर पाठीमागे, पास पोचूच नये अशा जागी. ओब्रादची मान त्याच्याकडे वळायला आणि तो अर्धं पाऊल आणखी आड सरकायला एकच गाठ पडायची. हात मांड्यांना चिकटलेले. ज्याला बॉल हवा असतो त्याचे हात छातीसमोर असतात, तळवे उघडे. शाळेतल्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. ओब्रादनं बॉल दुसरीकडे दिला तसा वेलिमीर झटकन मोकळ्या जागेत आला आणि हात पसरून तक्रार करायला लागला.

पुढच्या तुकड्यात तेच. त्याच्या पुढच्यातही. मिलोयेनं ताटातला मासा उगाच उलटा केला.

हे तुकडे वेलिमीरनं स्वतः कापले होते, रात्र रात्र बसून. आणि एवढ्या वेळा बघून त्याला एकदाही स्वतः दिसला नव्हता. त्याचे कान तापले. टीव्ही बंद करावा हे सुचेना.

तेवढ्यात दार वाजलं आणि ओब्राद आत आला. थंडीनं लाल झालेलं नाक, कोटाच्या खिशात बाटली. "घराला सण लाभो!" म्हणत त्यानं वेलिमीरचे गाल तीनदा चुंबले. मग टीव्ही पाहिला, पाहुण्यांचे चेहरे पाहिले, आणि बाटली हातातच ठेवून उभा राहिला. पडद्यावर त्याचाच पास उजवीकडे चालला होता.

"अच्छा," तो म्हणाला. "हे चाललंय होय." त्यानं खाकरून घसा मोकळा केला. "बरोबर आहे. नाही दिला मी. डोक्यात हवा गेली होती, वेल्या. मला वाटलं, सगळं मीच करीन. चुकलो. आज सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगतो, चुकलो."

खोटं बोलायला ओब्राद अगदीच नालायक होता; बोलताना त्याची नजर राजम्याच्या भांड्यावर होती. वेलिमीरला हवी होती ती कबुली आयती समोर आली होती, साक्षीदारांसकट. आणि ती त्याला घेववेना.

"पुरे, ओब्राद," दुन्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला. बॉल देऊ नकोस म्हणून."

"तू?"

"ऑक्टोबरात तो शनिवार आठवतो? सगळे शॉट गेले आणि अख्खा हॉल तुझ्यावर शिट्ट्या मारत होता. घरी येऊन तू बाथरूममध्ये नळ सोडून बसलास. मला आवाज ऐकू येऊ नये म्हणून. पुढच्या सामन्याला बघते तर तू लपतोयस. मी तिथं बॉल बघायला जातच नाही, वेल्या. तुला बघायला जाते."

"मग मला का नाही बोललीस?"

"काय बोलू? नवऱ्याला म्हणू, तू घाबरलायस?"

"ती म्हणाली, आणि मलाही दिसत होतंच," ओब्राद म्हणाला. "म्हटलं, थोडे दिवस शिट्ट्या आपण खाऊ. तेवढ्यात तू सावरशील. मंगळवारी मी तिला फोनवर तेच म्हणालो, अजून किती दिवस? कोचलाही जेवायला नेऊन गळ घातली, की सोमवारी घाई करू नका."

वेलिमीरला ओरडावंसं वाटत होतं. महिनोन्‌महिने त्याच्या पाठीमागे कट चालला होता, हे खरंच निघालं की! फक्त तो कट त्याला पाडायचा नव्हता. हेच त्याला सहन होईना. ओब्रादनं खरंच दगा दिला असता तर बरं झालं असतं. दगाबाजाला शिवी देता येते. या दोघांना काय द्यायचं?

तिहोमिरनी उठून टीव्ही बंद केला आणि पुन्हा जाऊन बसले.

"मिलोये," वेलिमीर म्हणाला, "तू उद्या दुकानात सगळ्यांना सांगणारच आहेस. तर नीट सांग. ओब्राद पास देत नाही कारण मी मागत नाही. मला भीती वाटते. बॉल हातात आला की हात माझे राहत नाहीत."

"अरे, मी कशाला कुणाला..." मिलोये पुटपुटला.

"सांग. मीच सांगतोय."

मग तो ओब्रादकडे वळला. "उद्या दे मला."

"वेल्या, उद्याच्या सामन्यावर सोमवारचा निर्णय आहे. एक सामना आणखी थांब. मी घेतो सांभाळून."

"जमेल, न जमेल. पण शिट्ट्या माझ्या आहेत, कूम. त्या मला खाऊ दे."

ओब्रादनं बाटलीचं बूच काढलं. घोट घेतला तो फक्त तिहोमिरनी. खेळाडूंना दुसऱ्या दिवशी सामना होता.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. मिलोयेनं आपलं काम चोख केलं असावं, कारण वेलिमीरचं नाव पुकारलं तेव्हा एक विचित्र शांतता पसरली. दुसऱ्याच मिनिटाला तो डाव्या कोपऱ्यातून बाहेर आला, पुढच्या माणसाला वळसा घालून, आणि छातीसमोर हात धरले. ओब्रादनं बॉल दिला, कडक, नेहमीसारखा. शॉट रिंगच्या कडेला लागून बाहेर गेला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही. तिसराही चुकला तेव्हा छतातून धूळ पडेल इतक्या शिट्ट्या झाल्या, आणि सोमवारी काय होणार ते त्याला तिथंच कळलं.

वडिलांच्या काळी एक नियम होता. फाउल झाला की खेळाडूनं स्वतः हात वर करायचा, म्हणजे फाउल कुणाचा ते नोंदवहीत लिहिणाऱ्याला कळावं. आता तो कुणी पाळत नाही. चुकलेल्या शॉटला तर तो कधी लागूच नव्हता. बचावासाठी मागे पळताना वेलिमीरनं उजवा हात सरळ वर केला, आणि अख्खा हॉल शिट्ट्या मारत असताना तो तसाच वर धरून आपल्या जागेपर्यंत पळत गेला.