सहा वाजून दहा मिनिटं

मोठ्या सिस्टरांना अख्खा तातडी विभाग पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. स्ट्रेचर पुरतं आत यायच्या आधी त्यांचा प्रश्न बाहेर जायचा, “किती वाजता?” उत्तर आलं की पेशंटच्या खांद्यावर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा. कागद हरवतो, खांदा कुठे जातोय, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आलेल्या बाई शिवणकाम करणाऱ्या होत्या. ब्लाउजला अजून दोन टाचण्या लटकत होत्या. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबलेला, डोळे मात्र टक्क उघडे. मागून मुलगी धावत आली, काखेत तीन महिन्यांची तान्ही, खांद्यावर बाळाची पिशवी, पायांत दोन वेगळ्या चपला.

“किती वाजता, बाळा?”

“साडेसातला उठले तर आई जमिनीवर...”

“सापडल्या कधी ते नको. शेवटच्या धडधाकट कधी पाहिल्यास?”

मुलगी गोंधळली. “रात्री दहाला. झोपायला जाताना.”

सिस्टरांनी पट्टी फाडली खरी, पण त्यावर लिहायला हात धजेना. रात्री दहा ते सकाळी आठ वीस म्हणजे दहा तासांच्या वर. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं.

“मग एमआरआय करू,” तरुण डॉक्टर म्हणाला. त्याचा जन्म झाला तेव्हा सिस्टर नोकरीला लागल्या होत्या, आणि हे त्या त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या. “वेळ माहीत नसली तरी मेंदूचा किती भाग वाचण्यासारखा आहे ते त्यात कळतं. पण मशीनवर दुसरा पेशंट आहे. चाळीस मिनिटं तरी लागतील.”

“चाळीस मिनिटांत यांचा हात जाईल.”

“मला ते कळत नाही का, सिस्टर? आधी सीटी तर होऊ दे.”

स्ट्रेचर तसंच्या तसं सीटीच्या खोलीकडे निघालं. पलंगावर घे, कपडे बदल, नाव लिही, हे सगळं आता मागाहून. सिस्टर नवीन होत्या तेव्हा वॉर्डाच्या कोपऱ्यात एक खाट असायची. अर्धांग झालेला माणूस आला की थेट तिथे. सलाइन लावायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, बाकी नशीब. तिथे एक शाळामास्तर एकोणीस दिवस होते. त्यांना एकच शब्द उरला होता, “दे.” काय दे, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पडून पडून त्यांच्या पाठीला एकही जखम होऊ दिली नाही म्हणून सिस्टरांची पाठ थोपटली गेली होती. तेव्हा उपचार तो एवढाच. मग इंजेक्शन आलं, त्याला आधी तीन तासांची मुदत, मग साडेचार. मग मांडीतून तार सरकवून मोठी गुठळी ओढून काढायला लागले. पूर्वी औषध तासभर ठिबकत जायचं, आता एका दमात देऊन मोकळं. सगळं बदललं, फक्त त्यांचा प्रश्न तोच राहिला.

सीटीच्या दाराबाहेर तान्ही रडायला लागली. मुलगी तिला हलवत स्वतःच रडत होती. “चारनंतर डोळाच उघडला नाही हो माझा. तीन महिन्यांत पहिल्यांदा अशी मेल्यासारखी झोपले, आणि नेमकं आजच...”

सिस्टर थबकल्या. दोन पोरं वाढवलेल्या बाईचा कान तो.

“चारपासून साडेसातपर्यंत ही गप्प होती?”

“हो ना.”

“ही?” भोकाड पसरलेल्या तान्हीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. “अगं, मग हिला पाजलं कुणी?”

“ह्यांची तर रात्रपाळी...” मुलीचं रडू मधेच थांबलं. तिने पिशवी जमिनीवर उपडी केली. लंगोट, बाटली, खुळखुळा आणि एक छोटी वही. दूध किती, कधी, सगळं ती त्यात लिहायची. झोपेअभावी डोकं चालत नाही, मग वहीने तरी चालावं, म्हणून.

शेवटून दुसरी ओळ मुलीच्या फरपटलेल्या अक्षरात होती: ३.५०. तिच्याखाली ताठ, टपोरे आकडे, कापडावर खडूने माप टाकावं तसे: ६.१०, शंभर मिली, ढेकर दिला.

“आईचं अक्षर,” मुलगी कुजबुजली.

“लिहितात कुठल्या हाताने?”

“उजव्या.”

सिस्टर वही घेऊन आत शिरल्या. डॉक्टर पडद्यावर डोळे लावून होता. “रक्तस्राव नाही,” तो म्हणाला, “पण वेळ...”

“सहा दहा. त्याच हाताने लिहिलंय. ओळ बघा, एक अक्षर घसरलेलं नाही.”

त्याने ओळ पाहिली, वरची पाहिली, घड्याळाकडे पाहिलं. “दोन तास पस्तीस मिनिटं. रक्तदाब ठीक आहे. वजन?”

“अठ्ठावन्न. स्ट्रेचरच्या काट्यावर केव्हाच घेतलंय. औषध भरायचं का?”

“तुम्ही अजून भरलं नाहीत?” तो हसला. “घड्याळबाई!”

तोंडावर पहिल्यांदाच म्हणाला. सिस्टरांनी पट्टीवर सहा दहा लिहिलं, बाईंच्या खांद्यावर चिकटवलं आणि त्यांच्या कानाशी वाकल्या. “नातीला पाजलंत ना सकाळी? त्यानेच काम झालंय. आता पडून राहा.” सुई आठ वाजून एकोणपन्नास मिनिटांनी गेली.

अर्ध्या तासाने अंगठा हलला. दुपारपर्यंत मूठ वळली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येताच सिस्टर आधी त्यांच्या खाटेशी गेल्या. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर वही, उजव्या हातात पेन. मुलगी बाटली धुऊन येत होती. आईचे शब्द अजून अडखळत होते, पण जीभ मूळ वळणावर आली होती.

“काल... नऊचं दूध... लिहिलं नाहीस.”

“अगं आई, काल नऊला तू...”

“मग? पोर... उपाशी?”

मुलीने सिस्टरांकडे बघून कपाळावर हात मारला. बाईंनी पेन टेकवलं आणि आजच्या ओळीत लिहिलं: ९.३०. नऊ जरा कलंडला होता, तिनाचं पोट सुटलं होतं. त्यांनी वही लांब धरून नाक मुरडलं, तो आकडा खोडला आणि पुन्हा लिहायला घेतला.