डब्याला पेलणारी गाडी

दातांच्या डॉक्टर साधना मडावी यांनी चाकांवरचा दवाखाना बनवून घेतला आणि तो आपल्या छोट्या कारमागे जोडून त्या आलापल्लीहून हेमलकसाच्या वाटेला लागल्या. पहिल्याच उतारावर मागचा डबा डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागला. कशीबशी त्यांनी कार थांबवली आणि हळूहळू परत आणून सोमाजी मिस्त्रींच्या गॅरेजसमोर उभी केली.

सोमाजींनी कार आणि डबा राइस मिलच्या वजनकाट्यावर चढवले. कार नऊशे किलो भरली, डबा तेराशे.

"बाई, डबाच कारले ढकलून राह्यला," ते म्हणाले. "हे कार डब्याले ओढन, पण थांबवू नाई शकत."

"तिकडे हेमलकसाला दात दाखवायला चाळीस माणसं वाट पाहताहेत," साधनाबाई म्हणाल्या. "चूक माझीच. वजन विचारलंच नाही मी."

"तुमाले कोण सांगनार होतं? मले तरी दातातलं काय समजते?"

डब्याच्या मागच्या टोकाला असलेली दात तपासायची जड खुर्ची सोमाजींनी चाकांच्या थोडी पुढे सरकवून बांधली, म्हणजे जोडणीवर नीट भार येईल. मग डबा आपल्या दणकट पिकअपला जोडला, ब्रेक तपासले आणि साधनाबाईंना शेजारी बसवून स्वतःच चालवायला बसले.

त्याच उतारावर साधनाबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली. आरशात डबा सरळ मागे येत होता. उतार संपल्यावर त्यांनी हेमलकसात रुग्णांना जमवून बसलेल्या आशाताईंना फोन लावला.

"कोणाला घरी पाठवू नका," त्या म्हणाल्या, "आम्ही येतोय."