दाराकडची बाजू

ताहेराने गादीच्या कडेला ब्लेड लावून पहिले चार टाके तोडले, तेवढ्यात ओट्यावरून लताबाई म्हणाल्या,

“थांब गं.”

ताहेराचा हात थांबला. सिडकोतल्या त्या घरापुढे चटई अंथरून तिने डबल बेडची गादी पसरली होती. फाटकाबाहेर तिचा नवरा शौकत टेम्पोतलं पिंजायचं यंत्र सुरू करत होता. थंडी पडू लागली की हे दोघं गल्लीत गाद्या पिंजायला येत. उन्हाळ्यात कूलरचं गवत बदलायलाही हेच येत.

“काय झालं, काकू? निकिताताईंनीच फोन केला होता.”

“तिने केला. मी हो म्हटलं नव्हतं.”

सून निकिता दारात आली. “आई, त्या गाठींवर झोपून तुमची पाठ धरते. कालही शेक घ्यावा लागला.”

लताबाई हळूहळू पायऱ्या उतरल्या आणि गादीपाशी बसल्या. गादीच्या एका बाजूला लांबट खड्डा पडला होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

“ही दाराकडची बाजू. हे इथे झोपायचे. हे गेल्यापासून दोन वर्षं मी गादी उलटवलेली नाही.” त्या निकिताकडे न बघता म्हणाल्या, “पिंजली की हा जाईल.”

ताहेराने शौकतला खूण केली. यंत्र बंद झालं.

“भिमाजीकाका उंच होते, नाही का?” ताहेरा म्हणाली. “कूलर चढवताना आमच्या ह्यांना स्टूल लागायचं. काका नुसता हात वर करायचे.”

“आणि वर मला चिडवायचे,” शौकत फाटकातून म्हणाला.

“सहा फूट एक इंच,” लताबाई म्हणाल्या.

ताहेरा खड्ड्याकडे बघत राहिली. खांद्याच्या जागेपासून कमरेच्या जागेपर्यंत तिने वीत टाकली. एकदा, दोनदा. तिसरी पुरी टाकायला जागाच उरली नाही; सहा फुटी माणसाला हा खड्डा आखूड होता. तिने लताबाईंकडे पाहिलं.

“काकू, जरा इथे आडव्या व्हा.”

“इथे? सगळ्या गल्लीसमोर?”

“बघू द्या की. दुकानात गादी घेताना लोक झोपून बघतातच.”

लताबाई पदर सावरून कुशीवर आडव्या झाल्या. खांदा आपोआप खोलगट जागेत गेला, कंबरही. कुठे सरकावं लागलं नाही. ताहेराने दुसऱ्या बाजूला हात दाबून पाहिला.

“भिंतीकडची बाजू तुमची ना?” तिने आवाज खाली आणला. “ही तर अजून फुगीर आहे, काकू.”

लताबाई तशाच पडून राहिल्या. नोव्हेंबरचं तिरपं ऊन त्यांच्या तोंडावर येत होतं.

“रात्री मी माझ्या जागेवरच पडते,” त्या म्हणाल्या. “पहाटे जाग येते तेव्हा इकडे असते. थंडीत तर रोजच.”

शौकत तोंड फिरवून टेम्पोतल्या पट्ट्याशी काहीतरी करू लागला. निकिता सासूच्या पायांशी येऊन बसली आणि तिने वर सरकलेलं लुगडं त्यांच्या घोट्यांवर ओढलं.

“दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही मी ह्या गादीला,” लताबाई म्हणाल्या. त्यांना हसू आलं, आणि ते मधेच तुटलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत. उठताना त्यांनी निकिताचा हात धरला आणि उठल्यावरही तो सोडला नाही.

“उसव,” त्या ताहेराला म्हणाल्या.

खोळीतून कापसाच्या करड्या, दडस वड्या निघाल्या. मधून फोडल्या की आत अजून पांढरं होतं. यंत्रातून कापूस बाहेर पडू लागला तसा ढीग चढत गेला, ताहेराच्या खांद्यापर्यंत आला. लताबाईंनी त्यात कोपरापर्यंत हात घातला. कापूस उबदार होता. हात काढल्यावर जागा पुन्हा भरून आली. त्यांनी आणखी एकदा घालून पाहिला.

दुपारी नवी खोळ चटईवर उघडून शौकतने विचारलं,

“काकू, दोन्हीकडे सारखाच भरू ना?”

लताबाईंनी रिकाम्या खोळीच्या मधोमध तळहात ठेवला.

“नको,” त्या म्हणाल्या. “मधे जास्त घाल. आता मी मधेच झोपणार.”